फोटो टाकण्यापूर्वी एक शब्द

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संक्रांत झाली, सोलापुरात होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, पांगला आणि आसपासच्या शेतांतील हुरड्याचे दिवसही आता संपत आले. या महिना-दीड महिन्यात माझ्या फोनवर जेवढी छायाचित्रे येतात तेवढी उरलेल्या वर्षात मिळून येत नसतील. नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदी घातलेली नातवंडे, हळदीकुंकवाची वाणे, आगटीभोवती बसून हुरडा खाणारी मंडळी, असे सगळे त्यात असते आणि त्यातील बहुतेक पाहून मला आनंदच होतो. मात्र काही छायाचित्रांपाशी बोट थबकते. यात दिसणाऱ्या माणसाला आपण येथे आलो आहोत याची कल्पना असेल का, असा प्रश्न पडतो. गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्याच घरी येऊन बसला होता, म्हणून समाजमाध्यमांवर मित्रमैत्रिणींनी एकमेकांच्या खासगीपणाविषयी काही गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात की नाही, याबद्दल आपल्या वाचकांसमोर थोडे विस्ताराने लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. गेल्या वर्षी माझ्यावर पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. ती दुर्बिणीतून होणार होती आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडणार होते. माझी मुलगी पुण्यात असते, तिला तेव्हा सातवा महिना होता, त्यामुळे तिला उगाच घोर लागू नये म्हणून घरी आल्यावरच सांगायचे, असे माझ्या पतीने आणि मी ठरवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी शाळेपासूनची मैत्रीण भेटायला आली. तिने घरून मुगाचे कढण करून आणले होते, तासभर ती उशाशी बसली, माझे केस विंचरून दिले. मला डुलकी लागली असताना तिने माझे छायाचित्र काढले आणि ‘माझी बालमैत्रीण, लवकर बरी हो गं’ असे लिहून, खाली फुले आणि जोडलेले हात लावून, ते आपल्या स्टेटसला आणि आमच्या १९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या ग्रुपवर टाकले. हाताला सलाईन लावलेली, तोंड किंचित उघडे टाकून झोपलेली मी त्या संध्याकाळी ८७ जणांच्या फोनवर गेले, आणि स्टेटसमधून आणखी किती जणांच्या ते मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. मैत्रिणीची भाची पुण्यात राहते आणि ती माझ्या मुलीला ओळखते. तिने स्क्रीनशॉट पाठवून ‘काकूंना काय झालंय?’ असे विचारले, आणि मग मुलीचा फोन आला. “आई, सगळ्या सोलापूरला कळल्यावर मला कळायचं होतं का?” एवढेच ती बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या अवस्थेत, मिळेल ती गाडी धरून ती सोलापूरला आली.

यात मैत्रिणीचा हेतू वाईट होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तरीही पुढचे सुमारे चार महिने मी तिच्याशी धड बोलले नाही. ‘बरी आहेस ना?’, ‘रागावलीस का?’ असे तिचे संदेश येत, त्यावर मी जोडलेल्या हातांचे एक चिन्ह पाठवून मोकळी होत असे. आपले काय चुकले हे तिला कळत नव्हते, आणि इतकी साधी गोष्ट सांगावी लागते यानेच मी दुखावले होते. पन्नास वर्षांच्या मैत्रीला हे न सांगता समजायला हवे, असे मी धरून चालले होते. माझी चूक नेमकी येथे झाली, असे आता मला वाटते.

असे मी का धरून चालले, याचा विचार करताना मला बालपणीची चाळ आठवली. भोंग्यावर घड्याळ लावण्याचे दिवस होते ते, वडील गिरणीत कामाला होते, आणि आमच्या खोल्यांमधील भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारी कोणाला खोकला झाला आहे हे तर कळेच, पण पगाराच्या दिवशी कोणत्या घरात किती रुपये कमी आले हेही कळे. खासगीपणा म्हणावा असे त्या चाळीत काही नव्हते, असे आजच्या मुलांना वाटेल. पण तो होता आणि तो माणसांच्या वागण्यात होता. ऐकू येई, पण ऐकल्याचे कोणी दाखवीत नसे. दार सताड उघडे असले तरी खाकरल्याशिवाय किंवा ‘आहेत का घरात?’ असे विचारल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. आमच्या शेजारच्या पद्मशाली कुटुंबाला काही खासगी बोलायचे झाले की ते तेलुगूत बोलत. आम्हाला तेलुगू बऱ्यापैकी समजते हे त्यांना ठाऊक होते, त्यांना ते ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होते, आणि तरीही आम्ही काहीच न समजल्यासारखे ताटातले जेवत राहत असू. हे नियम कोणी लिहून भिंतीला लावले नव्हते. वर्षानुवर्षे एकाच नळावर पाणी भरणाऱ्या माणसांमध्ये ते आपोआप मुरले होते, आणि कोणी मोडले तर दुसऱ्या दिवशी नळावरच त्याची कानउघाडणी होत असे.

व्हॉट्सॲप आपल्याकडे घरोघरी पोचून दहा-बारा वर्षे झाली असतील, इन्स्टाग्राम त्याहूनही अलीकडे. एवढ्या अवधीत कोणाच्या अंगात काही मुरलेले नाही, आणि जे मुरले आहे ते प्रत्येकाच्या घरी वेगळे आहे. एका घरात रुग्णालयातील छायाचित्र टाकणे ही मायेची खूण असते, तर शेजारच्या घरात तो आगाऊपणा ठरतो, आणि दोन्ही घरे आपापल्या परीने सरळ असतात. त्यातच या माध्यमांनी ओळखीच्या साऱ्या पायऱ्या पुसून टाकल्या आहेत. आपल्या भाषेत परिचित, स्नेही, सोबती, जिवलग असे निरनिराळे शब्द आहेत आणि त्या प्रत्येकाला घरात किती आतवर येऊ द्यायचे याचा एक अंदाज त्या शब्दातच असतो. फेसबुकवर मात्र एकच ‘मित्र’ आहे आणि तो ५००० पर्यंत वाढवता येतो. माझे जुने विद्यार्थी, दूधवाल्याचा मुलगा, विहिणबाई आणि पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण हे सगळे तेथे एकाच ओळीत बसतात. चाळीत जे न बोलता कळत होते, ते येथे बोलल्याशिवाय कळण्याला काही मार्ग उरलेला नाही.

शेवटी मुलीनेच मला मैत्रिणीकडे पाठवले. धर्मवीर संभाजी तलावाच्या काठी, ज्याला आम्ही अजून कंबर तलावच म्हणतो, सकाळच्या फिरण्याच्या वेळी मी तिला गाठले आणि चार महिने साठवलेले सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “अगं, तू बोलली असतीस तर टाकला असता होय मी? लेकीला कळवलं नाहीस, हे मला कुठं ठाऊक होतं?” मी म्हटले की विचारायचे तरी होतेस. त्यावर ती जे बोलली ते मी अपेक्षिले नव्हते. “तू विचारलं होतंस मला?”

तिच्या साठीला मी फेसबुकवर हौसेने एक मजकूर लिहिला होता. शाळेतले दोन वेण्यांचे छायाचित्र, तिचे माहेरचे आडनाव, जन्माचे गाव आणि तिची खरी जन्मतारीख, सगळे त्यात होते. खरी म्हणण्याचे कारण असे की आमच्या पिढीतील कितीतरी मुले शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मलेली असतात, आणि खरी तारीख फक्त जवळच्यांना माहीत असते. तो मजकूर वाचून तिच्या मुलाने तिला बजावले होते की जन्मतारीख, माहेरचे नाव अशाच गोष्टी विचारून फोनवर माणसाची ओळख पटवली जाते, तेव्हा त्या अशा चव्हाट्यावर नकोत. त्या मजकुराखाली शंभरावर लोकांनी अभिनंदन केले होते. “एवढी माणसं कौतुक करायलीत, तिथं मी काय बोलू? तुझा हिरमोड झाला असता,” असे ती म्हणाली. तीन वर्षे ती गप्प राहिली होती, आणि मी मात्र चारच महिन्यांत मैत्री मोडायच्या बेतात आले होते. तो मजकूर मी तेथेच, बाकावर बसून, काढून टाकला. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे कोठे दाबायचे ते तिनेच दाखवले.

त्या सकाळी आम्ही दोघींनी काही गोष्टी ठरवल्या. आजारपण, रडणे, घरातील वाद आणि नातवंडे यांच्याबद्दल काहीही टाकण्याआधी विचारायचे, आणि विचारल्यावर उत्तर आले नाही तर ते ‘नाही’ समजायचे. मिरवणूक, जाहीर कार्यक्रम, गर्दी यांत एकमेकी दिसलो तर विचारण्याची गरज नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रस्त्यावर उभे राहायचे आणि कोणाच्या छायाचित्रात येऊ नये असा हट्ट धरायचा, हे काही खरे नाही. एकीने ‘काढून टाक’ म्हटले तर दुसरीने आधी काढायचे आणि कारण विचारायचेच असेल तर नंतर विचारायचे. माझा नंबर कोणाला द्यायचा असेल तर आधी मला कळवायचे, कारण तिच्या भिडस्तपणामुळे एका विमा प्रतिनिधीने मला वर्षभर छळले आहे. आणि ध्वनिसंदेश, म्हणजे ज्याला सगळे व्हॉइस मेसेज म्हणतात तो, रिक्षात किंवा चारचौघांत मोठ्याने लावायचा नाही. हे शेवटचे कलम तिने घातले. सुनेविषयी मी पाठवलेला एक संदेश तिने चुकून सुनेच्या मावशीसमोर लावला होता, हे मला तेव्हाच प्रथम कळले.

जाताना ती म्हणाली, “आता काय, दर फोटोला परवानगीचा अर्ज लिहून आणू होय?” आम्ही दोघी हसलो, पण हा आक्षेप मी पुढेही अनेकांकडून ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. विचारणे म्हणजे परकेपणा, अशी आपल्याकडे समजूत आहे. जवळच्या माणसाच्या स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून शेंगाचटणी ताटात वाढून घेता येते, यात जवळीक आहे हे खरेच. पण त्याच माणसाचे गोदरेजचे कपाट आपण विचारल्याशिवाय उघडत नाही आणि त्याने जवळीक उणावत नाही. कोणत्या गोष्टी डब्यातल्या आणि कोणत्या कपाटातल्या, एवढे एकदा बोलून घेतले की दर वेळी विचारावे लागत नाही. आमचे तसेच झाले आहे. गेल्या सहा-सात महिन्यांत तिने मला फार तर चार-पाच वेळा विचारले असेल.

‘लपवण्यासारखे आहे काय त्यात?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो ऐकला की मला राग येतो. पित्ताशयातील खडे ही लपवण्याची गोष्ट नव्हती. ती कोणाला, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या तोंडून कळावी, एवढाच प्रश्न होता. खासगी गोष्ट म्हणजे शरमेची गोष्ट, हे समीकरण जोवर आपल्या डोक्यातून जात नाही, तोवर जो कोणी ‘माझा फोटो टाकू नका’ म्हणेल त्याच्याकडे सगळे संशयानेच पाहतील.

काही वाचक म्हणतील की यासाठी फोनमध्ये सोयी आहेत, कायदाही आहे. दोन्ही आहेत आणि मी त्यांचा उपयोग करते. आपल्याला व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये कोणी घालावे हे ठरवण्याची सोय २०१९ पासून आहे, आणि ती न वापरल्यामुळे ज्यांचा नंबर भलत्यासलत्या शंभर माणसांपुढे उघडा पडतो त्यांनी ती आजच वापरावी. फेसबुकवर आपल्याला टॅग केलेले छायाचित्र आपल्या पानावर येण्यापूर्वी तपासता येते. पण टॅग काढला तरी छायाचित्र मैत्रिणीच्या पानावर राहतेच, ते फक्त तीच काढू शकते. स्टेटस चोवीस तासांनी जातो, तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला तर तो जात नाही, आणि तसा कोणी घेतला हे टाकणाऱ्याला कळतही नाही. पाठवलेला संदेश सर्वांच्या फोनवरून पुसण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची आहे, आणि त्याआधी कोणी तो पुढे पाठवला असेल तर ती प्रत पुसली जात नाही. व्हॉट्सॲपवरील संदेश वाटेत कोणालाही वाचता येत नाहीत, अशी व्यवस्था २०१६ पासून आहे; पण वाटेच्या शेवटी मित्र बसलेला असतो आणि माझ्या साऱ्या अडचणी तेथून पुढे सुरू होतात. थोडक्यात, या सोयी मी जे टाकते त्याचे रक्षण करतात, माझ्याविषयी दुसरा जे टाकतो त्याचे फारसे करीत नाहीत.

कायद्याचेही तसेच आहे. आधारच्या सक्तीविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेले के. एस. पुट्टस्वामी हे उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि त्यांनी तेव्हा वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. निवृत्तीनंतर सिद्धेश्वर वनविहारात चालण्यापलीकडे फारसे काही न करणाऱ्या मला त्यांचे कौतुक वाटते. त्यांच्याच प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो कायदा तिला लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. बालमैत्रिणीच्या स्टेटसविरुद्ध कोणत्या मंडळापुढे दाद मागायला जायचे? बदनामी, अश्लील छायाचित्रे, धमक्या, फसवणूक यांसाठी पोलिस आहेत आणि तेथे गेलेच पाहिजे. माझा विषय त्याच्या अलीकडचा, जिथे सगळेच चांगले आहेत अशा जागेचा आहे. खासगीपणाच्या हक्कावरचा गाजलेला लेख सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाईस या दोन अमेरिकन वकिलांनी १८९० मध्ये लिहिला, तो झटपट छायाचित्रे काढता येऊ लागली आणि वृत्तपत्रे लोकांच्या घरगुती गोष्टी छापू लागली म्हणून. त्यांच्यासमोर कॅमेरा घेतलेला माणूस परका होता, आमच्यासमोर तो जिवलग आहे. (संपादक महोदय, तक्रार तेव्हा आपल्या व्यवसायाविरुद्ध होती, हे येथे नोंदवल्याबद्दल क्षमस्व.)

आता तुकडीच्या ग्रुपविषयी. आमच्या दोघींचे जे ठरले ते मी ग्रुपवरही मांडले, फार शिक्षिकी थाटात न मांडण्याचा प्रयत्न केला, तरी तो थाट थोडा आलाच असावा. एका वर्गमित्राने लगेच लिहिले की यापुढे लग्नातल्या फोटोग्राफरनेही प्रत्येक पाहुण्याची सही घ्यावी. पाच-सहा जणांनी अंगठ्याचे चिन्ह टाकले, बाकीचे गप्प बसले. मला वाटले, विषय संपला. त्या रात्री मला तीन फोन आले.

एक फोन एका वर्गमित्राचा होता. जो मित्र दरवर्षी हुरडा पार्टीत तेथेच बसून सगळ्यांची नावे लिहून फोटो टाकतो, त्याच्याबद्दल त्याला बोलायचे होते. घराला कुलूप आहे हे फक्त शेजाऱ्याला सांगायचे असते, ते हा तीनशे माणसांना सांगतो, असे त्याचे म्हणणे. मग हेच त्याला का सांगत नाहीस असे विचारले तर म्हणाला, वाईट वाटेल त्याला. दुसरा फोन हलकाफुलका होता आणि त्याबद्दल येथे लिहिण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या फोनबद्दल मात्र लिहिले पाहिजे, आणि त्या बाईंना विचारून, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहे. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. आमच्यापैकी काही जणींनी संक्रांतीचे हळदीकुंकू ठरवताना, विधवा-सवाष्ण असा भेद न करता सगळ्या मैत्रिणींना बोलवायचे असे ठरवले होते, आणि याही आल्या होत्या. पतीच्या पश्चात प्रथमच कोणी त्यांच्या कपाळाला कुंकू लावले होते. त्या सांगत होत्या की त्या संध्याकाळी घरी जाऊन त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. यजमानीणबाईंनी अभिमानाने सगळी छायाचित्रे फेसबुकवर टाकली, हेतू असा की इतरांनीही हा पायंडा घ्यावा. ती गावाकडे दिरांपर्यंत पोचली, आणि नंतर जे बोलले गेले ते त्यांनी मला सांगितले, पण मी ते लिहिणार नाही. त्यानंतर त्या आमच्या कोणत्याही कार्यक्रमाला आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असे त्या सांगत असत आणि आम्ही ते खरे मानत होतो. “मला जायचं होतं हो बाई, मला फक्त फोटो नको होता. पण एकटीनं कसं सांगू? सगळ्या म्हणतील, हिला लाज वाटते म्हणून.”

या फोनमुळे माझे मत पक्के झाले की ही गोष्ट दोघींच्या बोलण्यावर सोडून भागत नाही. जिला सर्वांत अधिक गरज असते, तिलाच ‘मला नको’ हे एकटीने म्हणणे सर्वांत जड जाते. तो भार कार्यक्रमाच्या यजमानाने उचलावा. आता आमच्या गटात कार्यक्रमाचे बोलावणे जाते तेव्हाच एक ओळ असते, की छायाचित्रे कोठे टाकली जाणार आहेत, आणि ज्यांना त्यांत यायचे नाही त्यांनी छायाचित्राच्या वेळी चहाकडे बघावे. चहाकडे बघावे, ही शब्दयोजना त्या सह्यांची थट्टा करणाऱ्या वर्गमित्राची आहे, आणि ती फार उपयोगी पडली, कारण आता कोणी का उठले असे कोणी विचारत नाही. चहा बघायला गेले म्हणायचे. यंदाच्या हळदीकुंकवाला चार जणी चहा बघायला गेल्या. तिसरा फोन करणाऱ्या बाई त्यांत होत्या, आणि उरलेल्या तिघी का गेल्या हे मला माहीत नाही व माहीत करून घ्यायचेही नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. एका वर्गमित्राने यावरून ग्रुप सोडला. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही म्हणून रुसणे अजून चालूच आहे आणि त्यावर काय करावे ते मला सुचलेले नाही. मी स्वतःच्या फोनवरच्या त्या खुणा बंद करून टाकल्या, तर एकीने ‘काय लपवतेस?’ म्हणून विचारले.

दरम्यान माझ्या मुलीला मुलगा झाला. बारशाला दोन्हीकडची मिळून साठ-सत्तर माणसे होती, आणि मुलीने आठवडाभर आधीच दोन्हीकडच्या नातेवाइकांना व स्वतःच्या मित्रमैत्रिणींना कळवले होते की बाळाला हवे तितके उचलून घ्या, फोटोही काढा, पण त्याचा चेहरा कोणीही कोठे टाकू नका. मोठा झाला की त्याचे तो ठरवील. मला वाटले होते की तिच्या सासरच्या जुन्या मंडळींना हे रुचणार नाही. पण तिच्या आजेसासूबाईंनी नियम सर्वांत आधी मान्य केला, आणि नव्वदीच्या त्या बाई पाळण्याशेजारी खुर्ची टाकून जो फोन वर करील त्याला दटावू लागल्या, कारण फोटो बाहेर गेला की दृष्ट लागते. मुलीने त्यांना दुरुस्त केले नाही. मैत्रिणीने बाळाच्या केवळ पावलांचे एक छायाचित्र काढले होते, आणि ते स्टेटसला टाकू का, असे तिने मला विचारले. मी म्हटले, त्याच्या आईला विचार. आई ‘हो’ म्हणाली.

हे पत्र आपल्याकडे पाठवण्यापूर्वी मी मैत्रिणीला वाचून दाखवले. तिने दोन वाक्ये काढायला सांगितली, ती मी काढली आहेत. कढणाचा उल्लेख मात्र राहू दे, असे ती म्हणाली. पत्र प्रसिद्ध करणे योग्य वाटल्यास माझे नाव छापू नये, ही विनंती. नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर जोडला आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर